प्रकाशाच्या पायऱ्या : अर्धी की एक-तृतीयांश?

डिजिटल कॅमेऱ्याच्या मेनूत खोलवर कुठेतरी एक प्रश्न विचारलेला असतो. एक्स्पोजर बदलताना दर खेपेला ते कितीने बदलावे, अर्ध्या स्टॉपने की एक-तृतीयांश स्टॉपने? कॅमेरा विकत आणतो तेव्हा त्यात बहुधा एक-तृतीयांश हा पर्याय निवडलेला असतो आणि बहुतेक जण तो तसाच राहू देतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढताना त्यावाचून काही अडतही नाही.

पण विज्ञान शिकवणाऱ्याला इथे थोडे थांबावेसे वाटले पाहिजे. अर्धा स्टॉप समजू शकतो. दोन खुणांच्या मधोमध आणखी एक खूण केली की झाले. त्याहून बारीक पायरी हवी असेल तर अर्ध्याचे अर्धे, म्हणजे एक-चतुर्थांश घ्यावे. किंवा आपल्या दशमान पद्धतीला शोभेल असा एक-दशांश घ्यावा. हा तिसरा हिस्सा मध्येच कुठून आला? आणि कॅमेरा बनवणाऱ्यांनी स्वतः एक पर्याय न ठरवता दोन्ही का दिले?

या प्रश्नांची उत्तरे कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत नसतात. ती शोधायला आपल्याला तारे मोजणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांकडे, इंग्लंडमधल्या सोड्याच्या एका कारखान्यात आणि फ्रेंच लष्कराच्या बलूनखात्यात डोकावावे लागते.

दुप्पट म्हणजे एक पायरी

एक्स्पोजर म्हणजे फिल्मवर किंवा संवेदकावर एकूण किती प्रकाश पडू दिला ते. भिंगाचे छिद्र मोठे केले की प्रकाश वाढतो, आणि शटर जास्त वेळ उघडे ठेवले तरी वाढतो. नळ किती सोडला आणि किती वेळ सोडला यावर बादलीतले पाणी ठरते, तसाच हा हिशेब आहे. एक्स्पोजर दुप्पट झाले की छायाचित्रकार म्हणतो, एक स्टॉप वाढला. निम्मे झाले की एक स्टॉप कमी झाला.

आता हे पाहा. शटरची वेळ १/१२५ सेकंदावरून १/६० सेकंदावर नेली तर एक स्टॉप वाढतो. ती १ सेकंदावरून २ सेकंदांवर नेली तरीही एकच स्टॉप वाढतो. पहिल्या वेळी शटर जेमतेम नऊ सहस्रांश सेकंद जास्त उघडे राहिले, दुसऱ्या वेळी चांगला एक सेकंदभर. तरी पायरी तेवढीच. याचे कारण, स्टॉप हे दोन संख्यांमधले अंतर नाही, ते त्यांचे गुणोत्तर आहे.

गुणोत्तराने मोजायची ही रीत आपल्या डोळ्याला साजेशी आहे. अंधाऱ्या खोलीत एकच मेणबत्ती जळत असताना दुसरी लावली तर खोली उजळल्याचे लगेच जाणवते. शंभर मेणबत्त्या जळत असताना एकशेएकावी लावली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तितकाच ठळक फरक जाणवायला आणखी शंभरेक मेणबत्त्या लावाव्या लागतील.

ही गोष्ट छायाचित्रणाच्या कितीतरी आधी खगोलज्ञांच्या नोंदींत नकळत उतरली होती. ग्रीक खगोलज्ञांनी नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या सहा प्रती पाडल्या. सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. ही प्रतवारी हिप्पार्कसपासून चालत आली असे मानतात. टॉलेमीच्या ग्रंथात ती आपल्याला वाचायला मिळते. डोळ्याने ठरवलेल्या या पायऱ्या एकसारख्या वाटत. एकोणिसाव्या शतकात ताऱ्यांचे तेज उपकरणांनी मोजू लागल्यावर ध्यानात आले की पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा सुमारे शंभरपट तेजस्वी असतो. प्रत एक-एकने वाढत होती, तेव्हा तेज भागाकाराने घटत होते.

१८५६ साली ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या नॉर्मन पॉगसन यांनी सुचवले की पाच प्रतींचे गुणोत्तर बरोबर शंभर धरावे. मग एका प्रतीचे गुणोत्तर शंभराचे पाचवे मूळ, म्हणजे २.५१२ येते. ही सूचना मान्य झाली आणि ताऱ्यांची प्रत आजही तशीच मोजतात. हेच पॉगसन १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख म्हणून आले. त्याच वर्षी त्यांनी तिथून एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून त्याचे नाव 'एशिया' ठेवले. पुढची तीस वर्षे, म्हणजे १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते मद्रासमध्येच होते. त्यांची ती शंभरपट आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

१८६० मध्ये जर्मनीत गुस्टाव फेख्नर यांनी संवेदनांविषयीच्या आपल्या ग्रंथात हाच विचार सर्वसाधारण रूपात मांडला. उद्दीपन गुणाकाराने वाढत गेले तर संवेदना बेरजेने वाढत जाते. शाळेच्या भाषेत, उद्दीपनाची भूमिती श्रेढी असेल तर जाणिवेची अंकगणिती श्रेढी होते. हा नियम सर्वत्र काटेकोर लागू पडत नाही, पण नेहमीच्या उजेडात डोळ्यापुरता तो बराचसा खरा ठरतो.

चकत्यांचे दिवस

१८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली तेव्हा कॅमेऱ्याला शटर नव्हते. छायाचित्रकार भिंगावरची टोपी काढायचा, मनात आकडे मोजायचा आणि टोपी परत लावायचा. काचेवर द्रावण ओतून ती ओली असतानाच वापरायची, अशी पद्धत १८५० नंतर रूढ झाली. काच तयार करणारा आणि फोटो काढणारा एकच माणूस असे. आपल्या द्रावणाचा वेग त्याला अनुभवाने ठाऊक असायचा. त्यामुळे एक्स्पोजरला सर्वांना समजेल असे एकक असण्याची फारशी निकड नव्हती.

छिद्र लहानमोठे करण्यासाठी धातूच्या चकत्या वापरत. १८५८ मध्ये इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावच्या जॉन वॉटरहाउस यांनी भिंगाच्या नळीला बाजूने खाच पाडून तीत वेगवेगळ्या भोकांच्या पट्ट्या सरकवायची सोय केली. भिंग न उघडता पट्टी बदलता येऊ लागली. भिंगाच्या कडेकडून येणारा प्रकाश अडवणाऱ्या अशा चकतीला इंग्रजीत 'स्टॉप' म्हणत. आज कॅमेऱ्यात त्या चकत्या नाहीत, शटरच्या वेळेचा तर चकतीशी कधीच संबंध नव्हता, तरी पायरीचे नाव मात्र स्टॉपच राहिले.

चकत्यांच्या मालिकेत पुढचे भोक केवढे असावे? प्रकाश निम्मा करायचा तर भोकाचे क्षेत्रफळ निम्मे हवे, म्हणजे व्यास √२ ने, १.४१४ ने, भागायला हवा. भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, या गुणोत्तराला आपण एफ-अंक म्हणतो. १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही ओळ तिथून येते. पाठ करायला अवघड वाटणारी ही ओळ म्हणजे √२ चा पाढा आहे.

पण सगळ्यांनी तोच पाढा म्हटला असता तर इतिहास फार सोपा झाला असता. १८८१ साली ग्रेट ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीने 'युनिफॉर्म सिस्टिम' सुचवली. तीत एफ/४ ला १ म्हणायचे, एफ/५.६ ला २, एफ/८ ला ४, एफ/११ ला ८ आणि एफ/१६ ला १६. अंक दुप्पट झाला की वेळ दुप्पट द्यायची, वर्गमुळाची कटकट नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक कोडॅक कॅमेऱ्यांवर हेच आकडे कोरलेले सापडतात. युरोप खंडात मात्र ४.५, ६.३, ९, १२.५, १८, २५ अशी मालिका चालली होती. तिच्यातही प्रत्येक अंक आधीच्याच्या √२ पट आहे, फक्त सुरुवात वेगळी. एकाच्या भिंगावर ८ चा अर्थ एक, दुसऱ्याच्या भिंगावर दुसरा. पायरीची उंची सगळ्यांची सारखी होती, पण जिना कुठून सुरू करायचा यावर एकमत नव्हते.

सोड्याच्या कारखान्यातले दोन हौशी

१८८० नंतर कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा दुकानात मिळू लागल्या. त्या कितीतरी जास्त वेगवान होत्या, आणि त्यांचा वेग वापरणाऱ्याला ठाऊक नव्हता. पाकिटावर 'साधी', 'जलद', 'अतिजलद' असे शब्द असत. एका उत्पादकाची 'जलद' काच दुसऱ्याच्या 'साधी'पेक्षाही मंद निघू शकत असे. पैसे देऊन घेतलेली काच आणि समोरचा प्रसंग, दोन्ही अंदाज चुकल्यामुळे वाया जात.

इंग्लंडमधल्या विडनेस या गावी सोड्याच्या कारखान्यात फर्डिनांड हुर्टर हे स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हे अभियंता काम करत. ड्रिफील्ड हौशी छायाचित्रकार होते आणि त्यांनी हुर्टर यांनाही या छंदात ओढले. कारखान्यात प्रत्येक गोष्ट तोलून-मोजून करणाऱ्या या दोघांना छायाचित्रणातला अंदाजपंचे कारभार पटेना.

त्यांनी प्रयोग असा केला. एका प्रमाण मेणबत्तीपुढे ठराविक अंतरावर काच ठेवायची. मध्ये खाचा पाडलेली एक चकती फिरवायची. खाचा अशा कापलेल्या, की काचेच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवर पडणारा प्रकाश दर पट्टीला दुप्पट होत जावा : १, २, ४, ८, १६... मग काच धुऊन प्रत्येक पट्टीचा काळेपणा मोजायचा. काळेपणाचे मापही त्यांनी लॉगॅरिथममध्येच ठरवले, कारण तसे केले की ते काचेवर साठलेल्या चांदीच्या प्रमाणाशी सरळ जुळते. आलेखाच्या आडव्या अक्षावर एक्स्पोजरचा लॉगॅरिथम आणि उभ्या अक्षावर काळेपणा मांडल्यावर इंग्रजी एस अक्षरासारखी रेषा मिळाली. खाली एक सपाट पाय, मध्ये सरळ चढ, वर पुन्हा सपाट खांदा.

१८९० मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्या आलेखाने दोन गोष्टी दिल्या. सरळ चढ आडव्या अक्षाला कुठे भेटतो यावरून काचेचा वेग आकड्यात सांगता येऊ लागला. आणि तो चढ किती स्टॉप लांब आहे यावरून कळू लागले की एक्स्पोजर किती चुकले तरी चित्र हाती लागेल. ही दुसरी गोष्ट, चुकीला असलेली मुभा, आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

या शोधाने सगळेच खूश झाले असे नाही. पीटर हेन्री एमर्सन हे त्या काळचे नामवंत छायाचित्रकार. छायाचित्रण ही कला आहे असे आग्रहाने सांगणारे पुस्तक त्यांनी १८८९ मध्ये लिहिले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी आपले मत जाहीरपणे मागे घेतले, आणि त्याचे एक कारण म्हणून हुर्टर-ड्रिफील्ड यांच्या कामाकडे बोट दाखवले. उजेड आणि काळेपणा यांचे नाते जर नियमाने बांधलेले असेल, तर कलावंताच्या हातात उरते काय, असा त्यांचा सवाल होता. आम्हांला हा सवाल चुकीचा वाटतो. तबल्याच्या मात्रा मोजता येतात म्हणून वादन यांत्रिक होत नाही. पण मोजमाप आले की आपले काहीतरी हिरावले जाईल ही भीती खरी असते आणि ती वर्गातही भेटते, म्हणून हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दहाची दोनाशी गाठ

आता तिसऱ्या हिस्स्याकडे वळू. १८९४ साली जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ युलियस शायनर यांनी काचांचा वेग मोजण्यासाठी अंशांची पद्धत काढली. सर्वांत मंद काच १ अंशाची, सर्वांत वेगवान २० अंशांची, आणि दोन्हींच्या वेगांचे गुणोत्तर शंभर. ताऱ्यांच्या प्रतवारीतलीच ती शंभरपट. १ ते २० मध्ये पायऱ्या १९ होतात, म्हणून एका पायरीचे गुणोत्तर शंभराचे एकोणिसावे मूळ, म्हणजे सुमारे १.२७४ आले. अशा तीन पायऱ्या चढल्या की वेग २.०७ पट होतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शायनर यांनी एका स्टॉपचे तीन भाग करायचे असे ठरवले नव्हते. त्यांनी शंभराचे भाग पाडले आणि तीन पायऱ्यांना एक स्टॉप आपोआप आला.

१९३४ मध्ये जर्मन प्रमाणसंस्थेने, म्हणजे 'डिन'ने, ही पद्धत साफसूफ केली. ड्रेस्डेनमधल्या कॅमेरा-उद्योगातले शास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डबर्ग यांच्या कामाचा त्यात मोठा वाटा होता. पण ते प्रमाण अमलात आले तेव्हा ते स्वतः जर्मनीत नव्हते. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझींनी त्यांचे अपहरण केले होते, आणि सुटका झाल्यावर त्यांनी देश सोडला होता.

डिनचा नियम असा : वेगाचा दहा या पायावरचा लॉगॅरिथम घ्यायचा आणि त्याचे दशांश मोजायचे. सुरुवातीला फिल्मचा वेग १८/१० अंश असा अपूर्णांकातच लिहीत. आवाज मोजण्याच्या डेसिबेलचीही हीच युक्ती आहे. म्हणजे पायरीचे गुणोत्तर दहाचे दहावे मूळ, १.२५९. आता शाळेचे लॉगचे कोष्टक उघडा. २ चा लॉगॅरिथम ०.३०१० आहे. दहाने गुणले की ३.०१. दुप्पट व्हायला तीन अंश लागतात, आणि चूक पाऊण टक्क्याहूनही कमी!

तर एक-तृतीयांश स्टॉपचे जन्मस्थान हे आहे. दहा बोटांवर मोजणाऱ्या माणसाने दहाचे दहा भाग केले, आणि दोनाच्या दहाव्या घाताचे, १०२४ चे, दहाच्या तिसऱ्या घाताशी, १००० शी, जवळपास जुळते म्हणून त्यांतले तीन भाग नेमके एका दुपटीत बसले. आपण सोळा बोटांचे असतो आणि सोळाचे सोळा भाग केले असते, तर एका दुपटीला चार पायऱ्या आल्या असत्या आणि कॅमेऱ्याच्या मेनूत एक-चतुर्थांश दिसला असता.

अमेरिकेने १९४३ मध्ये वेगळा मार्ग घेतला. तिथल्या 'एएसए' प्रमाणात लॉगॅरिथम नव्हता. फिल्मचा वेग दुप्पट तर आकडा दुप्पट, इतके सरळ. पण फिल्मसाठी जे आकडे रूढ झाले ते पाहा : १००, १२५, १६०, २००, २५०, ३२०, ४००, ५००, ६४०, ८००, १०००. १०० पासून १००० पर्यंत बरोबर दहा पायऱ्या. ही मालिका आणखी एका गृहस्थाची आठवण करून देते. शार्ल रनार हे फ्रेंच लष्करात बलूनखात्याचे अभियंते. बलूनसाठी लागणाऱ्या दोरखंडांच्या जाड्या इतक्या तऱ्हेच्या होत्या की साठा ठेवणे अशक्य झाले होते. १८७० च्या दशकात त्यांनी दहाच्या मुळांवर आधारलेली ठराविक मापांचीच मालिका वापरायचे ठरवले आणि ४२५ जाड्यांच्या जागी १७ वर भागवले असे सांगतात. त्यांच्या पद्धतीची मापे आज आंतरराष्ट्रीय प्रमाण आहेत. त्यांतल्या दहा पायऱ्यांच्या मालिकेत १००, १२५, १६०, २००, २५०, ३१५, ४००, ५००, ६३०, ८००, १००० हे आकडे येतात. फिल्मच्या मालिकेत फक्त ३१५ च्या जागी ३२० आणि ६३० च्या जागी ६४० आहे, कारण छायाचित्रकाराला १६० ची दुप्पट आणि तिचीही दुप्पट हवी होती. दहा आणि दोन यांच्यातली ती किंचित फट या दोन आकड्यांत चक्क डोळ्यांना दिसते.

१९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने अमेरिकी आणि जर्मन पद्धती एकत्र आणल्या. फिल्मच्या खोक्यावर आयएसओ १००/२१°, २००/२४°, ४००/२७° असे जोडआकडे छापले जाऊ लागले. डावा आकडा दुप्पट होतो तेव्हा उजवा तीनने वाढतो. लॉगॅरिथम म्हणजे काय हे सांगायला याहून सुटसुटीत उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

मग अर्धा कुठला?

अर्ध्या स्टॉपची कुळकथा साधी आणि यांत्रिक आहे. जुन्या कॅमेऱ्यांत छिद्राचे कडे भिंगावर असे. ते फिरवले की ५.६, ८, ११ अशा प्रत्येक अंकाशी खट्कन आवाज होई. अनेक भिंगांवर दोन अंकांच्या मधोमध आणखी एक खटका दिलेला असे. कडे हाताने, न बघता फिरवायचे तर मधोमध एकच खटका बोटांना सोपा. एक-तृतीयांशाचे दोन खटके दिले तर त्यांतला कितवा लागला ते ध्यानात ठेवावे लागते.

म्हणून फिल्मच्या काळातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत एक विसंगती सुखाने नांदत होती. फिल्मचा वेग लावायची चकती एक-तृतीयांशाने चाले, कारण ती प्रमाणसंस्थांची मुलगी. छिद्राचे कडे अर्ध्याने चाले, कारण ते लोहाराच्या घरचे. शटरची चकती तर पूर्ण स्टॉपनेच उड्या मारी. अर्धे आणि एक-तृतीयांश यांची गाठ पूर्ण स्टॉपवरच पडते. समजा, वेग १०० ऐवजी ६४ असलेली फिल्म घातली. फरक दोन-तृतीयांश स्टॉपचा. छिद्राच्या कड्यावर अर्धा खटका दिला तरी एक-षष्ठांश स्टॉप उरतोच.

कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे आली तेव्हा खटक्यांचे हे बंधन संपले. छिद्र, शटर आणि वेग हे तिन्ही आता एकाच मापाने बदलता येतात, आणि ते माप कोणते हे वापरणाऱ्यावर सोडता येते. मेनूतला प्रश्न म्हणजे प्रमाणसंस्थांची परंपरा आणि यंत्रशाळेची परंपरा यांतली निवड आहे. एक-तृतीयांश निवडल्यावर एफ-अंकांची ओळ ४, ४.५, ५, ५.६, ६.३, ७.१, ८, ९ अशी दिसते. यांतले ४.५, ६.३, ९ ओळखीचे वाटतात ना? युरोपातल्या शतकापूर्वीच्या मालिकेतले ते अंक, जी इंग्रजी मालिकेपासून जवळजवळ एक-तृतीयांश स्टॉप सरकलेली होती.

किती बारीक पायरी पुरे?

आता निवड करू. पायऱ्यांच्या मालिकेतून सर्वांत जवळची पायरी घेतली तर जास्तीत जास्त चूक अर्ध्या पायरीची होते. पूर्ण स्टॉपच्या पायऱ्या असतील तर चूक अर्ध्या स्टॉपपर्यंत, म्हणजे प्रकाशात ४१ टक्क्यांपर्यंत जाते. अर्ध्या स्टॉपच्या पायऱ्यांत ती १९ टक्के होते आणि एक-तृतीयांशाच्या पायऱ्यांत १२ टक्के. अर्ध्यावरून तिसऱ्या हिस्स्यावर आल्याने मिळकत आहे, पण ती पूर्णावरून अर्ध्यावर येण्याइतकी मोठी नाही. दुसरीकडे, खटक्यांची संख्या वाढते. १/३० वरून १/५०० सेकंदावर जायला पूर्ण स्टॉपने ४ खटके, अर्ध्याने ८ आणि एक-तृतीयांशाने १२ लागतात. अचूकतेची किंमत वेळात मोजावी लागते.

ही किंमत द्यायची की नाही ते प्रकाश टिपणारा पदार्थ चुकीला किती मुभा देतो यावर ठरते. हुर्टर-ड्रिफील्ड यांचा आलेख इथे उपयोगी येतो. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्मचा सरळ चढ लांब असतो. एखाद्या स्टॉपने चुकले तरी छपाईच्या वेळी सांभाळून घेता येते. रंगीत स्लाइडच्या फिल्मचा चढ उभा आणि आखूड. तिथे अर्धा स्टॉप चुकला तरी चित्र फिके किंवा काळवंडलेले निघते, म्हणून स्लाइड काढणारे लोक एक-तृतीयांशाचा आग्रह धरत.

डिजिटल संवेदकाला ना पाय आहे ना खांदा. तो पडलेल्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात विद्युतभार गोळा करतो, आणि भांडे भरले की भरले. १४ बिटांच्या नोंदीत एकूण १६,३८४ पातळ्या असतात. त्यांतल्या निम्म्या, ८,१९२ पातळ्या, सर्वांत उजळ एका स्टॉपला मिळतात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, आणि असे उतरत वरून दहाव्या स्टॉपला फक्त १६. म्हणून सावल्यांत तपशील हवा तर जास्त प्रकाश घ्यावासा वाटतो. पण वरची कड ओलांडली की पांढऱ्या ढगांचा किंवा चुना लावलेल्या भिंतीचा तपशील कायमचा जातो, आणि नंतर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. या कडेशी चालताना पायरी बारीक असलेली बरी. डिजिटल कॅमेऱ्यात एक-तृतीयांश मूळचाच निवडलेला असतो तो या दृष्टीने योग्यच आहे.

तरी प्रत्येक वेळी बारीक पायरी शहाणपणाची नसते. खग्रास सूर्यग्रहणात प्रभामंडलाचे तेज सूर्याच्या कडेपासून बाहेर जाताना हजारपटीहून अधिक घटते, आणि हातात दोन-चार मिनिटेच असतात. तिथे पूर्ण स्टॉपने किंवा दोन-दोन स्टॉपने उड्या मारत फोटो घ्यावेत; एक-तृतीयांशाने गेलात तर बाहेरचे प्रभामंडल टिपण्यापूर्वीच सूर्य उघडेल. मैदानावर ढग आणि ऊन लपंडाव खेळत असतील तर अर्धा स्टॉप सोयीचा. जुन्या हस्तलिखिताचे किंवा वाळवलेल्या वनस्पतींच्या पानांचे फोटो एकसारखे यायला हवे असतील तर एक-तृतीयांश. आणि याहून बारीक? हातात धरायचे प्रकाशमापक दशांश स्टॉपपर्यंत वाचन दाखवतात. पण सूर्यापुढून विरळ ढग सरकला तरी उजेड त्याहून जास्त बदलतो. मोजता येते तेवढे सगळे वापरता येतेच असे नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

लॉगॅरिथम शिकवताना विद्यार्थ्यांकडून तीन गोष्टी करून घेता येतील. पहिली, १.२६ ला स्वतःनेच तीनदा गुणून पाहणे (उत्तर २ च्या अगदी जवळ येते) आणि दहादा गुणून पाहणे (उत्तर १० च्या जवळ येते). दोन आणि दहा यांची गाठ त्यांना स्वतःच्या हाताने बांधू द्यावी.

दुसरी, कॅमेऱ्यावरच्या आकड्यांतली सोयीची खोटी शोधणे. शटरच्या वेळा खऱ्या दुपटीने गेल्या तर १/१५ च्या जागी १/१६, १/१२५ च्या जागी १/१२८ आणि १/१००० च्या जागी १/१०२४ यायला हवे. छिद्रांत ५.६ हे खरे ५.६६ आहे आणि ११ हे ११.३१. प्रत्येक ठिकाणी शेकडा किती चूक होते ते काढावे, आणि ती एक-तृतीयांश स्टॉपच्या, म्हणजे २६ टक्क्यांच्या, तुलनेत किती क्षुल्लक आहे ते पाहावे. आसन्न किंमत कधी चालते याचा धडा त्यातून आपोआप मिळतो.

तिसरी गोष्ट रात्रीची. ताऱ्यांच्या एका प्रतीचे गुणोत्तर २.५१२, म्हणजे दहाच्या दहाव्या मुळाचा चौथा घात. म्हणून एक-तृतीयांश स्टॉपचे चार खटके म्हणजे जवळजवळ एक प्रत. कॅमेरा तिपाईवर ठेवून एकाच ताऱ्याचा फोटो आधी एका एक्स्पोजरने घ्यावा आणि मग चार खटके कमी करून घ्यावा. दुसऱ्या फोटोतला तारा एका प्रतीने मंद दिसेल. पॉगसन यांनी ताऱ्यांसाठी पाडलेली पायरी आणि आपल्या कॅमेऱ्याची पायरी एकाच दशमान जिन्यावरच्या आहेत, हे मुलांना गच्चीवर उभे राहून मोजून दाखवता येते.